एक ओ जास्त

१

"मीठ संपलंय, येताना आणा," दमयंती आतून म्हणायची.

"येताना मीठ आणतो," आत्माराम बाहेरून म्हणायचा.

"करेक्ट."

लग्न होऊन ती नवापूरच्या माळावर आली तेव्हापासून घरात हा खेळ चालू होता. खरं म्हणजे आत्मारामच्या नोकरीतला शिरस्ताच तो. तो वायरलेसवर होता. विमानाला सूचना दिली की वैमानिकाने ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची आणि ती बरोबर असली तर ठाण्याने 'करेक्ट' म्हणायचं. तोवर निरोप पोचला असं धरायचं नाही. दमयंतीच्या जिभेला तो शब्द इतका सरावला होता की नवसी कोळीण टोपली उचलताना "उद्या बोंबील आनते, बाय" म्हणाली तरी तिच्या तोंडून "करेक्ट" निघून जाई.

ठाणं म्हणजे काय, तर एक लोखंडी मनोरा, त्याच्या पायथ्याशी वायरलेसची खोली आणि तिला चिकटून दोन खोल्यांचं क्वार्टर. मध्ये एकच दार. पलीकडे तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं. त्या बाजूला दिवसभर डंपरचा धुरळा, हिंदीतल्या हाका आणि माणसांचा राबता. इकडे मात्र माळ, वारा आणि भरती-ओहोटी. मुंबईच्या मनोऱ्याचा आवाज जिथे नीट पोचत नसे तिथे आत्माराम मधला माणूस. मुंबईने त्याला सांगायचं, त्याने विमानाला सांगायचं.

दमयंती कोल्हापूरची, बी.ए. झालेली. तर्कशास्त्रात तिला चांगले मार्क होते आणि पाल पडली तरी तिच्या हातातली वाटी पडत असे. अशा माळावर ती टिकली ती एकाच गोष्टीमुळे. सकाळच्या अहमदाबाद-मुंबई विमानावर तिचा दादा, नरहरी, सहवैमानिक होता. आत्मारामचं स्थळ त्यानेच आणलेलं. आठवड्यातले बरेच दिवस पोळ्यांच्या वेळेला मधल्या दारातून दादाचा आवाज येई. तो खरखरीत आवाज इंग्रजीत आकडे सांगे, सूचना परत म्हणे, 'करेक्ट' घेई आणि मग यंत्रातून दोनदा वाजे: टक-टक.

ते तिच्यासाठी होतं. खासगी एक शब्दही बोलायची बंदी, म्हणून दादा नुसती कळ दोनदा दाबून सोडायचा. कशी आहेस, दमू? ती पिठाचे हात तसेच धरून दारात उभी असे. त्या टक-टकवर तिचा दिवस निघे.

२

पहिली चूक कोणाला चूक वाटावी अशी नव्हतीच.

आत्मारामने सूचना दिली. दादाने ती परत म्हटली. "करेक्ट." टक-टक. आणि मग, दमयंती वळून तव्याकडे आली तोवर, दादाचा आवाज तीच सूचना पुन्हा म्हणाला. तोच स्वर, तसाच शेवटच्या आकड्यावरचा हेल. त्यानंतर टक-टक मात्र आली नाही.

"दोनदा का म्हणाला हो दादा?"

"प्रतिध्वनी गं. समुद्रावरून लाट परत येते कधी कधी."

"इतक्या उशिरा?"

"तुझ्या तर्कशास्त्रात वायरलेस होतं का?" तो हसला. तीही हसली. तवा तापला होता, पोळी करपली.

त्याच आठवड्यात सकाळी खाडीवर धुकं उतरलं. किनाऱ्याकडून बायकांचे आवाज येऊ लागले. लांबलचक, एका पट्टीतल्या हाका. मग समुद्रातून पुरुषांचे ओ. पुन्हा हाक, पुन्हा ओ. आणि एकाएकी सगळं बंद पडलं. ते थांबणंच दमयंतीला जास्त दचकवून गेलं.

ऊन वर आल्यावर नवसी आली. तिची टोपली रिकामी होती.

"होड्या आल्या का गं सगळ्या?"

"येतील त्या येतील."

"मग हाका का थांबवल्या तुम्ही?"

नवसी पायरीवर बसली. पदराने तोंड पुसलं. "आमी मोजतो, बाय. जेवढ्या होड्या गेल्या तेवढेच ओ आले पायजेत. एक ओ जास्त आला का तोंडावर पदर धरायचा. बोलवायचं नाय."

"आणि आपली माणसं? त्यांना वाट कशी कळणार?"

"नाय कलनार."

"मग?"

"मग काय? हाक मारत ऱ्हायलो तं आपल्या मानसालाच कलते का वाट? ज्याने जास्तीचा ओ दिला त्यालाबी कलते." तिने दमयंतीकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्याचं तिला हसू आलं. "किती गं दचकतं तू! च्या दे, साकर जास्ती घाल."

दमयंतीने चहा केला. साखर दोनदा पडली.

३

आश्विनातली गोष्ट. पाऊस सरला होता पण पालघरच्या डोंगरांवर ढग अजून रेंगाळत होते.

दादाच्या विमानाचं नेहमीचं ठरलेलं असे: ठाण्याच्या डोक्यावर आलं की सात हजार फुटांवरून पाच हजारांवर उतरायचं. त्या दिवशी मुंबईने बदल पाठवला. सात हजारांवरच राहा, खाली येऊ नका, खालून दुसरं विमान वर येतंय.

आत्मारामने तो शब्दशः सांगितला. दादाचा आवाज आला, "सात हजारांवरच राहतो. खाली येत नाही."

"करेक्ट," आत्माराम म्हणाला आणि हातातली पेन्सिल कानावर खोचली.

दमयंती दारात उभीच होती. टक-टक आली नाही. घाईत असेल, तिने स्वतःला समजावलं. आज ढग आहेत. माणूस कामात असतो. प्रत्येक वेळी बहिणीची आठवण काढत बसेल का? कारणं सगळी पटण्यासारखी होती, तरी तिचा हात दाराच्या कडीवरून निघेना.

मग यंत्र खरखरलं आणि दादाचाच आवाज आला. या खेपेला मागे इंजिनांची घरघर होती. "ठाणं, ऐकू येतंय का? कधीपासून बोलावतोय. ठरल्याप्रमाणे पाच हजारांवर उतरतोय."

आत्मारामच्या कानावरची पेन्सिल खाली पडली.

तो ओरडत राहिला. पलीकडून काहीच आलं नाही. डोक्यावरून ढगात विमानांचा आवाज गेला. एकाचा होता की दोघांचा ते तिला कळलं नाही. बऱ्याच वेळाने मुंबईने कळवलं की दोन्ही विमानं सुखरूप उतरली. आत्माराम बाहेर जाऊन मनोऱ्याच्या पायाशी ओकला.

४

रविवारी दादा आला. बोईसरहून डंपरमध्ये बसून आला होता. चपला न काढताच तो घरात शिरला. आईने पाहिलं असतं तर रागावली असती.

"समोरच्या विमानाच्या खिडकीत एक बाई होती," तो म्हणाला. "वेणी घालत होती. तोंडात केसांचा आकडा धरलेला. तो आकडा दिसला मला, दमू. इतकं जवळ."

दमयंतीने पाण्याचा तांब्या पुढे केला. त्याने घेतला नाही.

"आत्माराम, तू निरोप दिला नाहीस. चुकतो माणूस. तू फक्त कबूल कर."

"दिला. तू परत म्हणालास. मी करेक्ट म्हटलं."

"मी काही म्हटलं नाही. मला काही ऐकूच आलं नाही."

"म्हणजे मी चौकशीत खोटं बोललो?"

"म्हणजे मी बोललो?"

"दादा, मी ऐकलं," दमयंती म्हणाली. "तुझाच आवाज होता."

दादाने तिच्याकडे असं पाहिलं की तिला वाटलं, आपण नवऱ्याची बाजू घेतोय असं याला वाटतंय. आणि आत्माराम मान खाली घालून बसलेला, त्याला वाटत असणार ती भावाला सांभाळून घेईल. दोघं खरं बोलत होते. तिला लहानपणापासून माहीत होतं दादा खोटं बोलताना कान खाजवतो. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते. आणि आत्मारामला तर खोटं बोलायचं सुचतही नसे. दोन खरी माणसं आणि एक गोष्ट, जी दोघांपैकी एकानेच केलेली असू शकते. तर्कशास्त्राच्या पेपरात असं आलं असतं तर तिने सरळ लिहिलं असतं की गृहीतकात कोणीतरी तिसरा सुटला आहे.

तिने तसं म्हटलं नाही. ती एवढंच म्हणाली, "पण टक-टक नव्हती. त्या दिवशी बोलून झाल्यावर तू टक-टक केली नाहीस. तेवढ्यावरून मी ओळखलं असतं. यापुढे करेक्टच्या आधीच करत जा, तेवढ्यावरूनच ओळखू. टक-टक असेल तर तू, नसेल तर नाही."

मधलं दार उघडं होतं. पलीकडे यंत्र मंद गुणगुणत होतं.

दादा जेवला नाही. जाताना दारात थांबून म्हणाला, "पुढच्या वेळी ती बाई इतकी लांब नसेल."

५

चौकशीत दोघांनाही ताकीद मिळाली. दोघांचं बोलणं तुटलं. हवेतून मात्र त्यांना रोज बोलावंच लागे.

आत्मारामचा स्वतःच्या कानांवरचा विश्वास उडाला. तो दमयंतीला यंत्राशेजारी स्टुलावर बसवू लागला. "तू ऐक. तुझ्या भावाचा आवाज तुला कळतो. तू मान हलवल्याशिवाय मी करेक्ट म्हणणार नाही." नियमात बसत नव्हतं. पण नियम पाळून काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं.

पोळ्या आता दादाचं विमान पुढे गेल्यावर व्हायच्या. यंत्राच्या काळ्या पत्र्यावर एक लहान काचेची चकती होती, तिच्यात काटा. हवेतून आवाज आला की काटा उचलला जाई आणि आवाज संपला की आडवा पडे. दमयंती काट्याकडे बघत नसे. तिचे डोळे मिटलेले असत आणि सगळा जीव कानांत. दादाचा आवाज येई, मग टक-टक, मग ती मान हलवी, मग आत्माराम म्हणे, "करेक्ट."

घरातला खेळ बंद पडला नव्हता, फक्त त्यातलं हसू गेलं होतं. "दार लावा." "दार लावतो." "करेक्ट." आता ते न म्हटलं तर तिला झोप लागत नसे.

सगळं ठीक चाललं होतं. नवसी म्हणाली, "वालली गं तू, बाय. मावरं खात जा."

दमयंतीने तिला विचारलं, "नवसी, तो जास्तीचा ओ... तो कसा असतो? वेगळा ऐकू येतो का?"

नवसी बोंबील मोजत होती. तिचा हात थांबला.

"येगला असता तं मोजाया कशाला लागलं असतं?"

६

पौषात एका सकाळी उठून दमयंतीने खिडकी उघडली तर मनोरा नव्हता. धुकं इतकं दाट की पायरीच्या पुढे जग संपत होतं. किनाऱ्यावरून बायकांच्या हाका येत होत्या, समुद्रातून ओ येत होते.

मुंबईचा निरोप तोच आला. आकडेसुद्धा तेच. अहमदाबादचं विमान सात हजारांवर ठेवा. खालून दुसरं वर येतंय.

आत्मारामने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या ओठांना रंग नव्हता. त्याने कळ दाबली आणि एकेक शब्द तोडून निरोप दिला.

दादाचा आवाज आला. "सात हजारांवरच राहतो. खाली येत नाही."

दमयंती थांबली. डोळे मिटून, श्वास धरून थांबली. टक-टक नाही. तिने जोरात नकारार्थी मान हलवली.

आत्मारामने करेक्ट म्हटलं नाही. त्याने निरोप पुन्हा दिला. त्याच्या आवाजाला घाम सुटल्यासारखा वाटत होता. किनाऱ्यावरच्या हाका चालूच होत्या, एक, मग एक, मग एक.

"सात हजारांवरच राहतो. खाली येत नाही," दादाचा आवाज म्हणाला.

टक-टक.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मान हलवायची ती विसरली. इतक्या दिवसांची सवय, जीभच पुढे झाली. "करेक्ट," ती म्हणाली, आणि आत्माराम तेवढ्याचीच वाट पाहत होता. त्याने कळ दाबून तो शब्द हवेत सोडला.

त्याच क्षणी बाहेर किनाऱ्यावरच्या हाका बंद पडल्या. सगळ्या एकदम.

दमयंतीने डोळे उघडले. यंत्र खरखरलं, मागे इंजिनांची घरघर, आणि चकतीतला काटा ताडकन उभा राहिला. तो उभा राहिलेला पाहून तिला समजलं, तो आत्तापर्यंत आडवा पडलेला होता. उत्तर आलं तेव्हाही आडवा असणार. टक-टकीच्या वेळीही. यंत्रात हवेतून काही येतच नव्हतं.

"ठाणं, ठरल्याप्रमाणे पाच हजारांवर उतरतोय म्हणून कळवलं होतं," दादा म्हणाला. त्याला सर्दी झाली होती. "तुमचं करेक्ट मिळालं. उतरतो."

आत्मारामने कळ दाबली, किंचाळला, "नाही, नरहरी, वरच राहा, वर—"

कळ दाबलेली असताना यंत्र ऐकत नाही. हे दमयंतीलाही माहीत होतं. तरी तो बोलत असतानाच, त्याच्या बोलण्याखालून, दादाचा स्वच्छ, सर्दी नसलेला आवाज आला. सात हजारांवरच राहतो. खाली येत नाही. टक-टक. काटा हलला नाही.

ती धावत बाहेर आली. पायऱ्या दिसत नव्हत्या, ती पडली, उठली. वर धुक्यात एक आवाज उत्तरेकडून येत होता आणि एक दक्षिणेकडून. दोन. ती बोटं दुमडून मोजत राहिली, एक, दोन, एक, दोन, जणू मोजत राहिलं तर ते दोनच राहतील.

मग ते एक झाले.

मोठा आवाज झाला नाही. फक्त मोजण्यासारखं काही उरलं नाही. धुकं क्षणभर विरळ झालं आणि बांधावर नवापूरच्या बायका ओळीने उभ्या दिसल्या. सगळ्यांची तोंडं समुद्राकडे, तोंडांवर पदर घट्ट दाबलेले. नवसी टोकाला होती. तिने दमयंतीकडे पाहिलं आणि मान हलवली, नको म्हणून.

मागे खोलीत आत्माराम अजून हाका मारत होता. आणि त्याला उत्तरं मिळत होती.

७

समुद्राने काही दिवस विमानांचे पत्रे आणून टाकले. दादा मिळाला नाही. आई कोल्हापूरहून येऊन गेली. लेकीच्या घरचं पाणीही प्यायली नाही. चौकशीत आत्मारामने सांगितलं की वैमानिकाने सूचना परत म्हटली होती, टक-टकसुद्धा केली होती. साहेबांनी विचारलं, टक-टक म्हणजे काय? त्याला ते समजावून सांगता आलं नाही.

नोकरी गेली. ठाणं बंद झालं. माणसं येऊन यंत्र उचलून घेऊन गेली; भिंतीवर चौकोनी डाग राहिला आणि चार तारा लोंबकळत राहिल्या. महिनाअखेर क्वार्टर सोडायचं होतं. मधल्या दाराला आत्मारामने फळ्या ठोकल्या. का, ते तिने विचारलं नाही.

एका दुपारी तिने दोन पानं वाढली. लख्ख ऊन होतं. माळावर एक टिटवी सोडली तर काही हलत नव्हतं. आत्माराम बाहेर पायरीवर बसला होता, तारापूरच्या धुरळ्याकडे बघत. दोघं आता गरजेपुरतंच बोलत.

"जेवायला या," ती म्हणाली.

"जेवायला येतो," तो बाहेरून म्हणाला.

तिने ओठ मिटून घेतले. हल्ली ती पुढचा शब्द म्हणत नसे.

मग फळ्यांच्या पलीकडून, रिकाम्या खोलीतून, दादाचा आवाज म्हणाला, "जेवायला येतो."

टक-टक.

पायरीवर आत्मारामची पाठ ताठ झाली, पण तो वळला नाही. त्याने दोन्ही तळवे स्वतःच्या तोंडावर दाबले. दमयंतीने पदराचा बोळा करून दातांत धरला. त्या बोळ्यामागे जीभ वळवळत होती, तो एक शब्द म्हणायला. पलीकडे कोणीतरी शांतपणे वाट पाहत होतं.